सॉर्टेक्स घ्यायची का? आधी निवडणाऱ्या बायांजवळ बसा

आमची डाळ मिल कारंजा लाड तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल घेऊन आम्ही 2009 मध्ये सुरुवात केली आणि 2023 मध्ये सॉर्टेक्स, म्हणजे डाळीतले डागी दाणे वेगळे काढणारी मशीन, बसवली. तेव्हापासून आसपासचे मिलवाले आणि बचत गटाच्या बाया भेटल्या की विचारतात, "ताई, मशीन घ्यावी का? बाया किती कमी होतात?" दुसरा प्रश्न ऐकला की माझ्या पोटात कालवतं, कारण तीन वर्षांपूर्वी मीही मशीनवाल्याला पहिल्यांदा तेच विचारलं होतं. घ्यायची की नाही हे कसं ठरवायचं आणि घेतलीच तर माणसांचं काय करायचं, ते इथं सविस्तर लिहिते. आकडे माझ्या वहीतले आहेत. तुमचे वेगळे निघतील, पण हिशेब याच वाटेनं करा.

ज्यांनी मशीन पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वरच्या हॉपरमधून, म्हणजे डाळ ओतायच्या पेटीतून, डाळ घसरगुंडीसारख्या चूटवर येते. ती खाली पडत असताना पुढून आणि मागून कॅमेरे प्रत्येक दाणा बघतात. डागी किंवा काळा दाणा, टरफल चिकटलेली डाळ दिसली की नोझलमधून हवेचा फटका बसतो आणि तो दाणा वेगळ्या खणात पडतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे सगळं होतं. आमच्याकडे कोणी तिला रोबोट म्हणत नाही, पण बघणं, ठरवणं आणि हात चालवणं ही माणसाची तिन्ही कामं ती करते. म्हणून कारखान्यातल्या रोबोटबद्दल मोठ्या शहरात जो वाद चालतो, तो आमच्या टिनाच्या शेडमध्येही आलेला आहे.

आधी वही घ्या

मशीनवाल्याचं कोटेशन हातात घेण्याआधी आठ दिवस मिलमध्ये बसा आणि कोण किती वेळ काय करतं ते लिहा. नावापुढे "निवडणं" एवढंच लिहून सोडू नका.

आमच्याकडे अकरा बाया होत्या, 250 रुपये रोज. सगळ्या "निवडणाऱ्या" म्हणूनच ओळखल्या जायच्या. वही भरल्यावर कळलं की अकरा जणींचे मिळून दिवसाचे 88 तास, त्यातले 72 निवडण्यात जातात. उरलेले 16 तास तूर वाळवण्यात, उलटण्यात, ढग आले की पळत जाऊन ताडपत्रीखाली ओढण्यात, टरफल सुटावं म्हणून तेलपाणी लावलेल्या तुरीचा दाणा दाताखाली फोडून ओल पाहण्यात, पोत्यांची तोंडं शिवण्यात आणि दारात आलेल्या गिऱ्हाईकाला पाच किलो तोलून देण्यात जायचे. हे 16 तास कोणाच्याच हिशेबात नव्हते. मशीनवाल्याच्या नव्हते आणि माझ्याही नव्हते. 16 तास म्हणजे दोन बायांचा पूर्ण दिवस. त्यानं कागदावर अकराच्या अकरा बाया वजा केल्या होत्या. तेवढ्यावर सही केली असती तर पहिल्या अवकाळी पावसात वाळवणीची तूर वाहून गेली असती.

त्याच वहीत आणखी एक रकाना करा: हे काम अंगाला काय करतं? निवडणं दिसायला हलकं आहे. पण सहा-साडेसहा तास मांडी घालून, मान खाली, ताटातल्या पिवळ्या दाण्यांवर नजर. आमच्या सगळ्यात जुन्या काकू संध्याकाळी उठताना आधी दोन्ही हात जमिनीला टेकायच्या. मार्चनंतर तर तापलेल्या टिनाखाली बसायचं. माझ्या मते मशीन घेण्याचं पहिलं खरं कारण हे आहे. अंग मोडणारं काम लोखंडाला द्यावं, यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

घेण्याआधी एक हंगाम मजुरीवर काढा

अकोल्याकडे डाळ मिलची मोठी बाजारपेठ आहे, तिथं सॉर्टिंग मजुरीवर करून मिळतं. आपल्या डाळीची दहा-वीस पोती घेऊन जा आणि समोर उभं राहून काढून घ्या. सगळ्यात चांगला लॉट नेऊ नका, सगळ्यात वाईट न्या. पावसात भिजलेली, डागी पडलेली. लाल तुरीची आणि पांढऱ्या तुरीची डाळ वेगवेगळी न्या. आशा वाणाची तूर लाल, बीडीएन 711 वाणाची पांढरी, दोन्हींच्या डाळीचा रंग आणि उरलेल्या टरफलाचा रंग सारखा नसतो, म्हणून सेटिंग दर लॉटला बदलावं लागतं. शेतकऱ्यानं दोन्ही एकत्र आणली असेल तर मशीन गोंधळते हे तिथंच दिसेल.

चांगल्या डाळीचं पोतं बघून खूश होऊ नका. रिजेक्शनचं, म्हणजे मशीननं बाहेर फेकलेल्या मालाचं, पोतं उघडा, एक किलो घ्या आणि हातानं निवडा. माझ्या पहिल्या लॉटमध्ये रिजेक्शनमधली निम्मी डाळ चांगली निघाली. मशीन जितकी कडक लावाल तितका माल स्वच्छ दिसतो आणि तितकीच चांगली डाळ फटक्यासरशी बाहेर जाते. नव्या माणसाला हे सहा महिने कळत नाही.

मजुरीचा हिशेब, खरा

माझे आकडे असे. दिवसाला 10 क्विंटल तूर भरडली की साधारण 7 क्विंटल डाळ. हंगामाचे 120 दिवस. मशीन 11 लाख. कॉम्प्रेसर, हवा कोरडी करणारा ड्रायर, स्टॅबिलायझर आणि बंद खोली मिळून 2 लाख 60 हजार. एकूण 13 लाख 60 हजार. त्यातलं 7 लाख कर्ज, पाच वर्षांत व्याज साधारण 2 लाख 13 हजार. म्हणजे मशीन मला 15 लाख 73 हजारांना पडली.

आता बचत. अकरापैकी तीन बाया तशाही लागतात: दोघी त्या 16 तासांसाठी, एक रिजेक्शन निवडायला. आठ बायांचा रोज वाचला असं धरा. 8 गुणिले 250 गुणिले 120, म्हणजे 2 लाख 40 हजार. त्यातून वीज 20 हजार, देखभाल आणि सुटे भाग 40 हजार वजा करा. हातात उरले 1 लाख 80 हजार. पैसे फिटायला पावणेनऊ वर्षं लागतील, आणि तोवर कॅमेरे आणि नोझल बदलायची वेळ आलेली असेल.

हा आकडा मी तीनदा तपासला. आठ बायांना घरी बसवूनही मशीन धड फिटत नव्हती. "माणसं कमी करा, मशीन फुकटात पडते" असं कोणी सांगितलं तर हाच हिशेब त्याच्यासमोर ठेवा आणि खेड्यातली मजुरी किती असते ते त्याला सांगा. 250 रुपये रोज घेणाऱ्या बाईच्या पोटावर पाय देऊन 13 लाखांचं लोखंड फिटत नाही.

मग फिटते कशानं? मशीन तासाला पाच-साडेपाच क्विंटल काढते. आपली 7 क्विंटल डाळ सव्वा तासात संपते. दिवसभर मशीन उभी. त्या रिकाम्या वेळेत दुसऱ्याची डाळ मजुरीवर काढायची. क्विंटलला 100 रुपये धरले आणि दिवसाला 30 क्विंटल आले तर हंगामात 3 लाख 60 हजार. पण त्यासाठी माणसं लागतात: एक मशीन चालवायला, दोघी तोलायला, पावती करायला, पोती शिवायला आणि कोणाचा लॉट कोणात मिसळणार नाही हे पाहायला. चालवणारीला 400, दोघींना 300 प्रमाणे दिवसाचे 1,000. हंगामाचे 1 लाख 20 हजार. वाढीव वीज 53 हजार. तरी 1 लाख 87 हजार उरतात. आधीच्या बचतीत मिळवले की मशीन सव्वाचार वर्षांत फिटते. म्हणजे मशीनचे पैसे ज्या कामातून निघतात, त्या कामाला माणसं आणखी लागतात.

एक सांगून ठेवते. 30 क्विंटल हा दुसऱ्या वर्षीचा आकडा आहे. पहिल्या वर्षी सरासरी 12 क्विंटलच आले आणि हप्ते भरायला सोयाबीनचे पैसे लावावे लागले. तेवढी तयारी ठेवा.

अनुदानाबद्दल सगळेच विचारतात. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत, जी 2020 मध्ये सुरू झाली, पात्र खर्चाच्या 35 टक्के आणि जास्तीत जास्त 10 लाख रुपये असं अनुदान आहे. पण ते कर्जाशी जोडलेलं असतं आणि तीन वर्षं बँकेतच राहतं. खातं सुरळीत असेल आणि उद्योग चालू असेल तर मग कर्जात वळतं होतं. म्हणून आधी अनुदान न धरता हिशेब करा. तसा तो बसत नसेल तर मशीन घेऊ नका.

ॲडव्हान्स देण्याआधी बोला

ही माझी चूक आहे. मी मशीन बुक केली, खोलीचं बांधकाम काढलं आणि बायांना काहीच सांगितलं नाही. विटा उतरताना त्यांनीच ओळखलं. दुपारच्या डब्याच्या वेळी जुन्या काकू म्हणाल्या, "वहिनी, मशीन येऊन रायली म्हंते. मंग आमाले सांगसान कवा, मशीन आल्यावर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौदा हंगाम ज्यांनी माझी डाळ निवडली, ज्यांच्या हातच्या स्वच्छ डाळीवर माझं नाव झालं, त्यांना मी हमालाइतकंही विचारलं नव्हतं. त्याच आठवड्यात दोघी दुसरीकडे कामाला लागल्या. हंगाम सुरू झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले, त्या आल्या नाहीत. त्यांचं बरोबर होतं.

तेव्हा पैसे देण्याआधी सगळ्यांना बसवा. वहीतला हिशेब वाचून दाखवा, आकड्यांसकट. बायांना आकडे कळत नाहीत असं समजू नका. रोज सुपातून गेलेले किलो त्या तुमच्यापेक्षा अचूक सांगतात. मग एकेकीला विचारा की पुढे काय करायला आवडेल. आमच्याकडे उरलेल्या नऊ जणींतून असं ठरलं: तिघी मिलमध्ये, तिघी मजुरीच्या सॉर्टिंगवर, दोघींनी एक किलोच्या आणि पाच किलोच्या बिनपॉलिश डाळीच्या पिशव्या भरून बचत गटामार्फत विकायचं काम घेतलं. जुन्या काकू म्हणाल्या, "मले आता बसवत नाही वं माय, मले मोकळं कर."

मोकळं करायचं म्हणजे तसंच पाठवायचं नाही. ग्रॅच्युइटीचा नियम 1972 च्या कायद्यापासून चालत आलेला आहे: हंगामी कामगाराला दर हंगामामागे सात दिवसांचं वेतन. दहा किंवा जास्त माणसं असतील तर तो लागू होतो. आमच्याकडे अकरा बाया होत्या, म्हणजे उपकाराचा प्रश्नच नव्हता. चौदा हंगाम, सात दिवस, 250 रुपये: 24 हजार 500. हजेरीवही नीट ठेवली नसेल तर हा हिशेब करता येत नाही, म्हणून हजेरी आजपासून ठेवा. हे पैसे मशीनच्या खर्चातच धरा. जो मिलवाला ते धरत नाही, त्यानं मशीन परवडते असं म्हणू नये. त्याची मशीन दुसऱ्याच्या घरच्या पैशानं आलेली असते.

मशीन कोणाला द्यायची

टच स्क्रीन म्हटलं की घरातल्या पोराला नाहीतर गावातल्या आयटीआयवाल्याला बसवतात. आम्हीही आधी एक मुलगा ठेवला. हुशार होता, बटणं दोन दिवसांत शिकला. पण डागी म्हणजे नेमकं काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. भिजलेल्या तुरीच्या डाळीवर जी तांबूस झाक येते, ती बाजारात चालते. काळा ठिपका चालत नाही. त्यानं दोन्ही बाहेर काढलं. चार दिवसांत रिजेक्शनची पोती साचली.

मग बारा वर्षं निवडणाऱ्या, आठवी शिकलेल्या एका बाईंना बसवलं. स्क्रीनवरचे शब्द इंग्रजी होते, आम्ही त्यावर मराठीत लिहिलेल्या चिकटपट्ट्या लावल्या. पंधरा दिवसांत त्या मशीन चालवायला लागल्या. बटणं शिकायला पंधरा दिवस पुरतात, डाळ ओळखायला बारा वर्षं लागतात. दुसरी गोष्ट ज्याच्याकडे आहे, त्यालाच मशीन द्या, आणि रोज वाढवून द्या. काम वाढलं आणि रोज तोच राहिला, असं करू नका.

आता 28 किलोची गोष्ट. 7 क्विंटलवर साधारण 4 टक्के रिजेक्शन, म्हणजे 28 किलो. त्यात निम्मी चांगली डाळ, 14 किलो. ढोरांच्या चाऱ्यात गेली तर किलोला 30 रुपये, निवडून काढली तर 100 धरा. 70 रुपयांच्या फरकानं दिवसाला 980 रुपये वाचतात. निवडणारीचा रोज 250. ज्या मिलमध्ये रिजेक्शन तसंच विकतात तिथं रोज एवढा पैसा गव्हाणीत जातो.

मशीनला काय दिसत नाही

दुसऱ्या वर्षी एका मोठ्या ऑर्डरसाठी माल कमी पडला, म्हणून मी बाहेरून 20 क्विंटल तयार डाळ घेतली. सॉर्टेक्समधून काढली, चकाचक निघाली, पाठवली. आठ दिवसांत व्यापाऱ्यानं परत पाठवली: तुरीत लाखोळी आहे. लाखोळी पूर्व विदर्भात धानाच्या बांधीत होते. तिची डाळ रंगानं तुरीसारखीच, फक्त दाण्याला कोपरे असतात. माझ्या मशीनला रंग कळतो, आकार कळत नाही. लाखोळी रोज भरपूर खाण्यात आली तर पाय लुळे पडू शकतात, म्हणून ही चूक पैशापुरती राहत नाही. जुन्या काकूंना घरून बोलावलं. त्यांनी मूठभर डाळ तळहातावर पसरली आणि एका बोटानं चार दाणे बाजूला केले. "हे पाय, हे तूर नोहे."

तेव्हापासून बाहेरचा कोणताही माल आधी हाताखालून जातो. दर पोत्यातून एक मूठ, पाट्यावर पसरून, दोघींनी पाहायची, मगच हॉपरमध्ये. नवीन मशीन घेणाऱ्यांनी आकार ओळखायची सोय आहे का ते विचारावं, पण मुठीची तपासणी तरीही सोडू नये.

बाकी तांत्रिक गोष्टी थोडक्यात. हवा कोरडी हवी, नाहीतर नोझलमध्ये पाणी जाऊन ते चिकटतात, म्हणून ड्रायरवर पैसे वाचवू नका. स्टॅबिलायझर हवाच, व्होल्टेज खाली-वर होऊन मशीन अडकली की अर्धवट लॉट चांगल्यात मिसळतो. काचेवर चुनीची, म्हणजे डाळीच्या चुऱ्याची, पूड बसते, दर दोन तासांनी पुसा. आणि खोलीत कूलर लावू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 पर्यंत जातो, तेव्हा हात आपोआप कूलरकडे जातो, पण त्याच्या ओलाव्यानं पूड काचेला आणि चूटला लेपासारखी धरते. लहान का होईना, एसीच लावा. ज्या दिवशी मशीनच्या खोलीत एसी लागेल, त्या दिवशी रिजेक्शन निवडणारीची जागाही त्याच खोलीत करा. मशीनला गारवा आणि बाईला तापलेलं टिन, अशी मांडणी मी एका ठिकाणी पाहिली आणि तिथून चहा न घेता उठले.

पावसाळ्यात मिल बंद असते तेव्हा उंदीर वायरी कुरतडतात आणि ओलीनं नोझल चिकटून बसतात. दर शनिवारी अर्धा तास मशीन रिकामी चालवावी लागते, आतून फुंकून घ्यावी लागते, हॉपर झाकून ठेवावा लागतो. आमच्या ऑपरेटर बाई त्यासाठी येतात. काम अर्ध्या तासाचं असलं तरी त्या शनिवारची पूर्ण हजेरी भरायची, 400 रुपये, आणि ते जून ते डिसेंबरचे पैसे मशीनच्या खर्चाच्या पानावर आधीच लिहून ठेवायचे.